घरचा म्हातारा पीसी बदलताना: आधी जुन्याची झाडाझडती, मग नव्याची खरेदी

आमच्या घरचा पीसी २०१४च्या दिवाळीत आला. आय-थ्री ४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर. आई सोसायटीची खजिनदार, त्यामुळे मेन्टेनन्सची बिलं, पावत्या, सभांची इतिवृत्तं असा सगळा संसार त्याच्यात. शेवटच्या वर्षात त्याची अशी गत झाली की ती बटण दाबून देवपूजेला बसायची आणि आरती आटोपल्यावर खुर्चीत यायची. तोवर कुठे आयकॉन दिसायला लागलेले असत. बदलूया म्हटलं की एकच उत्तर: "चालतोय की अजून!"

चालत होता हे खरंच. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली, आणि ज्या मशीनवरून सोसायटीच्या बँकेचे व्यवहार होतात ते तसंच ठेवणं मला पटेना. तेव्हापासून नातेवाईक आणि बिल्डिंगमधले शेजारी धरून पाच-सहा घरांचे पीसी बदलून दिले. प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच: "आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा.

पायरी १: जुना खरंच गेलाय का ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. पीसी रखडत असताना त्यातला डिस्कचा रकाना बघा. प्रोसेसर १५ टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलीय असं दिसलं, तर दोष हार्ड डिस्कचा. फिरत्या तबकडीची डिस्क सलग फाइल वाचताना सेकंदाला १००-१५० एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात आणि तिथे तिची दमछाक होते. तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क म्हणजे एसएसडी; तिच्यातल्या साध्या साटा प्रकाराचाही वेग ५०० एमबीच्या पुढे असतो, आणि विखुरलेल्या फाइलींच्या बाबतीत तर दोघींची तुलनाच नको. जुन्या मदरबोर्डावरही (पीसीतल्या मुख्य पट्टीवर, पुढे नुसतं 'बोर्ड') ही एसएसडी सहज बसते.

बाकीची दुखणी पटकन सांगतो. रोज सकाळी तारीख-वेळ चुकलेली असेल तर बोर्डवरचा सीआर २०३२चा गोल सेल बदला. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नव्याने लावा. बोर्डवरचे छोटे डब्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर मात्र त्या पीसीवर आणखी एक रुपयाही घालू नका. आणि हार्ड डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा.

आमच्याकडे डिस्क १०० टक्क्यांवर होतीच. शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर पिवळा 'कॉशन' आला. म्हणजे डिस्क सुस्त तर होतीच, वर मरणपंथालाही लागली होती.

पायरी २: विंडोज ११च्या चाळणीतून घाला

नुसती एसएसडी घालून भागेल का, हे इथे ठरतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडी असेल तर ढोबळमानाने रायझन २००० मालिकेपासून पुढे, पण तिथे आपलं नेमकं मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या यादीत बघून घ्यावं.

पिढी ओळखायची युक्ती सोपी आहे. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी, पाच अंकी असेल तर पहिले दोन. ४१३० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. 'आय-फाइव्ह' किंवा 'आय-सेव्हन' हे आडनाव झालं, खरी जन्मतारीख पुढच्या आकड्यात असते. बाराव्या पिढीचा आय-थ्री तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनला आरामात मागे टाकतो. इंटेलने 'कोअर अल्ट्रा' आणल्यावर नावातला 'आय' गेला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, त्यामुळे अगदी नव्या मशीनला ही युक्ती लागू पडत नाही.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की होय-नाही कळतं. पण 'नाही' आलं म्हणून लगेच दुकान गाठू नका. आठव्या-नवव्या पिढीच्या बऱ्याच असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या, मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. माझ्या मावसभावाचा पीसी एवढ्या एका सेटिंगवर पास झाला. त्याचा नव्या पीसीचा सगळा खर्च वाचला आणि मला एक पुरणपोळीचं जेवण मिळालं.

चाळणीत अडकलेल्यांना अजून थोडी सवड आहे. विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. ही सवड नीट निवड करायला वापरा. नियम डावलून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवायच्या वाटा आहेत, पण त्या मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं काम होतं तिथे मी ते करत नाही. फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रलेखन एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक एसएसडी घालून जुना पीसी अजून काही वर्षं सुखाने चालेल. आईला मी ते दाखवलं होतं. तिने दोन मिनिटं माउस फिरवला आणि विचारलं, "माझं एक्सेल कुठाय?"

पायरी ३: जुन्याला काय काय जोडलंय त्याची यादी करा

सर्वात जास्त घोळ इथे होतात आणि दुकानदार याबद्दल विचारत नाही. एक कागद घ्या आणि पीसीमागे जाणारी प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहा. मग आत काय काय चालतं ते.

प्रिंटर: विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. तुमच्या जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज असेल आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही तेवढाच असेल, तर प्रिंटर ठणठणीत असूनही नव्या पीसीवर मुका होतो. कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. डॉसच्या जमान्यातलं एखादं हिशेबाचं १६ बिटचं सॉफ्टवेअर अजून वापरात असेल तर ते ६४ बिटवर थेट चालणारच नाही.

हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) किंवा डिजिटल सहीचं टोकन असलं तर त्याचा ड्रायव्हर आणि परवान्याचे कागद आत्ताच शोधून ठेवा.

आणि मराठी फॉन्ट. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घराघरांत हाच बॉम्ब पुरलेला आहे. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, रुळण्याआधी, आणि कार्यालयांत तर त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतीदेव, आकृती अशा फॉन्टमध्ये झालं. त्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या पीसीवर मुखवटा गळून पडतो. आईचं २००९ सालचं वार्षिक सभेचं इतिवृत्त मी माझ्या लॅपटॉपवर उघडलं, तर ठराव क्रमांक १च्या जागी इंग्रजी अक्षरं, महिरपी कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची खिचडी. ती म्हणाली, "व्हायरस आला वाटतं." व्हायरस नव्हता, फॉन्ट नव्हता.

उपाय तीन, आणि तिन्ही जुना पीसी चालू असतानाच करायचे. एक, विंडोजच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवा. दोन, ज्या फाइली आता बदलायच्या नाहीत, नुसत्या जपायच्या आहेत, त्या जुन्याच मशीनवर पीडीएफ करून टाका. फॉन्ट पीडीएफच्या आत जातो आणि ती कुठेही नीट दिसते. तीन, ज्या फाइली पुढेही वापरायच्या आहेत त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. आमच्या कन्व्हर्टरने 'सर्वानुमते'तला रफार शेजारच्या अक्षरावर नेऊन बसवला होता.

नव्या विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आयतेच मिळतात. हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीला सरावलेला असेल तर मात्र त्यासाठी वेगळं साधन टाकावं लागेल. सत्तरीच्या माणसाला कीबोर्डची मांडणी बदलायला लावणं म्हणजे गाडीचा ब्रेक उजवीकडून डावीकडे नेण्यासारखं आहे. ते साधन टाकायचं टाळूच नका.

पायरी ४: खोकं कोणतं?

माझ्या मते साध्या घरगुती वापराला आता मोठ्या कॅबिनेटची गरज उरलेली नाही. कार्यालयांतून बदललेले छोटे डेस्कटॉप, जाडजूड पुस्तकाएवढे, रिफर्बिश्ड (वापरलेले, पण तपासून-दुरुस्त करून विकलेले) म्हणून मिळतात, आणि ज्याला गेम खेळायचे नाहीत त्याला मी आधी तेच सुचवतो. त्यांच्या मॉडेलवरून पिढी कळते. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०५० हा सहाव्या-सातव्या पिढीचा, ७०६० आठव्या पिढीचा. एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ नको, जी४ चालेल. लेनोव्होचा थिंकसेंटर एम७२०क्यू चालेल, एम७०क्यू त्याहून नवा. एका आकड्याच्या फरकाने विंडोज ११च्या आत किंवा बाहेर.

घेताना तीन गोष्टी समोर करून बघा. बायोस उघडतं का, की जुन्या कंपनीचा पासवर्ड लागलाय? अ‍ॅडॉप्टर मूळचाच आणि पुरेशा वॉटचा आहे का? सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज अधिकृत दिसतं का?

एका सापळ्यापासून सावध राहा. 'आय-फाइव्ह, ८ जीबी, ५१२ एसएसडी, मॉनिटरसकट, एकदम नवा' अशी फार स्वस्त जाहिरात दिसते. कॅबिनेट नवं, दिवे लखलखीत, आणि आत एच६१ बोर्डावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. म्हणजे २०११-१२ सालचं तंत्रज्ञान, तुम्ही बदलायला निघालेल्या पीसीपेक्षाही म्हातारं! शेजारच्या काकांनी असा एक ऑनलाइन मागवला होता. जाहिरातीत पिढीचा उल्लेखच नव्हता. परत पाठवायची मुदत टळल्यावर त्यांनी मला बोलावलं.

नवंच घ्यायचं असेल तर असेंबल्ड अजूनही चांगला पर्याय आहे, कारण एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, किंवा तुमच्या गावातल्या चार दुकानांत एकाच यादीची कोटेशनं घ्या. इंटेलच्या एन१०० या छोट्या चिपचे मिनी पीसी जेमतेम वीज खातात आणि ब्राउझर-एक्सेलला पुरतात. दहा-बारा टॅब उघडून वर झूमवर बोलणाऱ्याला ते तोकडे पडतील. अ‍ॅपलचा मॅक मिनी उत्तम यंत्र आहे. २०२४च्या अखेरीस एम४चं मॉडेल भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झालं, तेही १६ जीबी मेमरीसकट. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि वर लिहिलेली प्रिंटर-फॉन्ट-टोकनची यादी तिथे दुप्पट बारकाईने तपासावी लागते. ऑल-इन-वन मी कोणाला सुचवत नाही. स्क्रीन गेली की सगळंच दुरुस्तीला.

लॅपटॉप? घरात एकच जण वापरणार असेल तर जरूर. 'घरचा पीसी' म्हणून जागेवर असलेली वस्तू पाहिजे असेल तर नको, कारण लॅपटॉप ज्याच्या खोलीत जातो त्याचाच होतो.

पायरी ५: यादीतले आकडे

रॅम १६ जीबी. ८ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण क्रोम उघडेपर्यंतच. शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर दोन पट्ट्यांनी फरक जाणवतो. तुमच्या जुन्या पीसीतली डीडीआर३ नव्या बोर्डात बसत नाही, आणि डीडीआर४च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव उसळले. डिसेंबरात तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून महिनाभर जुनं कोटेशन खरं धरू नका. रिफर्बिश्डचं पारडं जड होण्याचं हेही एक कारण, त्यात रॅम आयतीच बसवलेली येते.

एसएसडी ५१२ जीबी, एनव्हीएमई प्रकारची (साटापेक्षा वेगवान, थेट बोर्डावर बसणारी). फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर १ टीबी.

प्रोसेसर आता येतो. इंटेलचा आय-थ्री १२१०० किंवा त्यापुढचा, एएमडीचा रायझन ५ ५६००जी, यांपैकी काहीही घरच्या कामाला पुरून उरतं. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. 'एआय पीसी' या लेबलसाठी जादा पैसे मोजावेत असं घरच्या कामात मला अजून काही सापडलेलं नाही.

उरलेले पैसे मॉनिटरला द्या. साडेअठरा इंचीवर आई एक्सेल उजवीकडे सरकवत बसायची. २४ इंची फुल एचडीवर जानेवारी ते डिसेंबर एका नजरेत आले. जुनाच ठेवायचा असेल तर त्याला फक्त व्हीजीए आहे का ते बघा. छोट्या मशीनला बहुधा डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय असतं, मध्ये कन्व्हर्टर लागेल.

असेंबल्ड घेत असाल तर एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, हात आखडू नका. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण लिहायला काय जातं! ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला चांगल्या कंपनीचा घ्या. इथे यूपीएसची एक गंमत आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी हे वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असतं, आणि घरगुती स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत लहरींची वीज, देत नाही. काही जोड्या जमत नाहीत. यूपीएस धडधाकट, बॅटरी भरलेली, तरी लाइट गेले की पीसी धाडकन बंद. म्हणून पहिल्याच दिवशी, महत्त्वाचं काही उघडलेलं नसताना, यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून बघा. छोट्या मशीनचा अ‍ॅडॉप्टर वेगळा असतो, तिथे हा त्रास सहसा येत नाही. विजेचंही गणित त्यांच्या बाजूने आहे: ८० वॉट ओढणारा जुना पीसी दिवसाला ८ तास चालला तर महिन्याला साधारण १९ युनिट होतात, १५ वॉटवाल्याला चारही लागत नाहीत.

पायरी ६: बिल

पक्कं बिल घ्या, जीएसटी १८ टक्के धरून भाव विचारा, आणि प्रत्येक भागाचं मॉडेल व सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. एका दुकानात मला सांगितलं, "सर, कच्च्या बिलात करून देतो, विंडोज आणि ऑफिस फ्री टाकून देतो." वॉरंटीसाठी तो कच्चा कागद कुठेच चालत नाही, आणि फुकटचं विंडोज म्हणजे कुठून तरी उचललेली परवान्याची चावी. अधिकृत विंडोजमध्येही फरक आहे: मशीनबरोबर आलेला, ओईएम म्हणतात तो परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो, वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना पुढच्या पीसीवर नेता येतो.

पायरी ७: बिऱ्हाड हलवताना

जुनी डिस्क क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी नक्कल करून, नव्यात घालू नका, अकरा वर्षांचा कचरा सोबत येतो. विंडोज नव्याने टाका आणि फक्त फाइली आणा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच कॉपी करतात. विसरतं ते डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, आउटलुकच्या फाइली, आणि डी ड्राइव्हवरचं 'न्यू फोल्डर' नावाचं बेट.

मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केलं की अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली त्या खात्यात जमा असते. ती आजच छापून गॅसच्या पासबुकाशेजारी ठेवा. बोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केलं, तर पीसी नेमकी तीच मागू शकतो.

जुना पीसी लगेच भंगारात देऊ नका. निदान दोन महिने चालू अवस्थेत कोपऱ्यात असू द्या. मग डिस्क बाहेर काढा आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. डिस्क मात्र द्यायची नाही. ती घरात ठेवा किंवा भोकं पाडून टाका.

आम्ही शेवटी दहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा रिफर्बिश्ड छोटा डेस्कटॉप घेतला, १६ जीबी रॅमचा. पहिल्या दिवशी आई सवयीने बटण दाबून पूजेला गेली आणि परत आली तर स्क्रीन झोपलेली. "बंद पडला की रे हा!" मग झोपेची वेळ वाढवून दिली. तिसऱ्या आठवड्यात ऑडिटरने २०११ सालच्या सिंकिंग फंडाचं रजिस्टर मागितलं. नव्यावर नव्हतं. जुना जोडला, यावेळी आरतीसकट प्रसादही वाटून झाला, आणि रजिस्टर सापडलं डी ड्राइव्हवर, 'न्यू फोल्डर ३'मध्ये, माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या फोटोंखाली.